शेतावरील सर्वभूमि गाड्यांचा भरंवसा : हंगामांत दगा न देणारी गाडी कशी ओळखावी ?

नांगरट, पेरणी, कापणी व मळणी हीं शेतकीचीं मुख्य कामें मानलीं जातात व त्यांसाठीं लागणाऱ्या अवजारांची चर्चाही पुष्कळ होते. परंतु शेतकऱ्याच्या दिवसाचा केवढा भाग नुसत्या ने-आणींत खर्ची पडतो, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. खताचीं पोतीं बांधापर्यंत पोंचविणें, फवाऱ्याचें पाणी मळ्यांत नेणें, तोडलेलीं फळें सांवलींत आणणें, कुंपणाच्या तारा व खुंट डोंगरउतारावर चढविणें, आजारी जनावर पाहून येणें, हीं कामें एकेकटीं पाहिलीं तर क्षुल्लक वाटतात. पण वर्षाच्या अखेरीस मजुरीचा मोठा भाग त्यांनींच गिळलेला असतो.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत शेतें विस्तीर्ण आणि मजूर दुर्मिळ असल्यामुळें याच कामासाठीं एक निराळ्या जातीची लहान गाडी रूढ झाली आहे. तींत दोन अथवा तीन माणसें मोटारीप्रमाणें शेजारीं शेजारीं बसतात, हातीं वाटोळें सुकाणूचक्र असतें, पाठीमागें उलटून रिकामा करतां येण्याजोगा हौदा असतो, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो, आणि टायर फुगीर व कमी दाबाचे असल्यामुळें चिखल, वाळू, गवत किंवा खडक यांपैकीं कशावरही ती चालते. मोटारसायकलीप्रमाणें मांड ठोकून बसावयाची जी चौचाकी, तिच्याहून ही गाडी वेगळी. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढें धोक्याचा विचार करतांना तो महत्त्वाचा ठरतो.

अशा गाड्या करणारे कारखाने आज अनेक आहेत व प्रत्येकजण आपलीच गाडी टिकाऊ म्हणून सांगतो. प्रस्तुत लेखांत त्यांच्या जाहिराती बाजूस ठेवून, रचना, इतिहास व हिशेब या तीन कसोट्यांवर त्यांची तुलना करावयाची आहे.

या गाड्यांची वंशावळ

शेतावर हलकी चौचाकी गाडी नेण्याची कल्पना नवी नव्हे. दुसरें महायुद्ध संपतांच, १९४५ सालीं, अमेरिकेंतील विलिस कंपनीनें लष्करी जीपचा नागरी अवतार बाजारांत आणला आणि तो मुख्यतः शेतकऱ्यांपुढें ठेवला. १९४८ मध्यें इंग्लंडांत लँड रोव्हर निघाली, तीही शेतकामाचा हेतु पुढें ठेवूनच. आपल्याकडे मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून विलिस जीपची जुळणी करण्यास आरंभ केला व ती गाडी आपल्या खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर किती वर्षें राबली, हें वाचकांस सांगावयास नको.

पुढें जीप मोठी व महाग होत गेली आणि तिच्या खालची जागा रिकामी राहिली. १९७० मध्यें जपानच्या होंडा कंपनीनें फुग्यासारख्या टायरांची तीनचाकी अमेरिकेंत विक्रीस आणली. ती लोकप्रिय झाली, पण वळणावर उलटून इतके अपघात घडले कीं १९८८ मध्यें तेथील ग्राहक-सुरक्षा आयोग व कारखानदार यांच्यांत न्यायालयामार्फत तडजोड होऊन नव्या तीनचाक्यांची विक्री थांबली. त्याच वर्षीं कावासाकी कंपनीनें ‘म्यूल’ नांवाची शेजारीं बसावयाची गाडी काढली. म्यूल म्हणजे खेचर. ओझें वाहणाऱ्या जनावराचें नांव गाडीस देण्यांत कारखानदारानें तिचा धर्मच सांगून टाकला होता. पुढील दशकांत जॉन डीअरची ‘गेटर’ व पोलॅरिसची ‘रेंजर’ या गाड्या आल्या. २००४ च्या सुमारास कुबोटाची डिझेलवरील ‘आर.टी.व्ही. ९००’ व यामाहाची ‘ऱ्हायनो’ निघाली. आणि त्यानंतर होंडाची ‘पायोनियर’, यामाहाची ‘व्हायकिंग’ व कॅनडांतील कारखान्याची ‘कॅन-अॅम डिफेंडर’ या स्पर्धेंत उतरल्या.

भरंवसा म्हणजे काय ?

गाडी विकत घेणारा मनुष्य बहुधा तिची शक्ति, वेग व झिलई पाहतो. शेतकऱ्यानें मात्र चार प्रश्न विचारावे. पहिला, ठराविक तासांच्या कामांत गाडी किती वेळां बंद पडते ? दुसरा, बंद पडते ती कोणत्या वेळीं ? तिसरा, पुन्हां चालू होण्यास किती दिवस लागतात ? आणि चौथा, बिघडतांना ती माणसास इजा करते काय ?

या चार प्रश्नांचीं उत्तरें एकाच गाडीच्या बाबतींतही एकसारखीं येत नाहींत. जी गाडी वर्षांतून दोनदां बंद पडते पण तालुक्याच्या गांवीं दुसऱ्या दिवशीं दुरुस्त होते, ती, तीन वर्षांतून एकदां बंद पडून सुटा भाग परदेशाहून येईपर्यंत दोन महिने गोठ्यांत पडून राहणाऱ्या गाडीपेक्षां अधिक भरंवशाची म्हणावी लागेल. हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं. द्राक्षांवर करपा दिसूं लागला असतां फवारणी आठ दिवसांनीं करूं असें म्हणून भागत नाहीं. म्हणून कोणती गाडी उत्तम, एवढेंच विचारून उपयोग नाहीं. कोणाच्या शेतावर व कोणत्या दुरुस्तीखान्यापासून किती अंतरावर, हेंही त्याच प्रश्नांत मिळवावें लागतें.

शक्ति चाकांपर्यंत कशी पोंचते ?

या गाड्यांत इंजिनापेक्षां अधिक तक्रार येते ती इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेविषयीं. म्हणून तुलनेस आरंभ येथूनच करणें योग्य.

बहुतेक गाड्यांत, म्हणजे रेंजर, म्यूल, डिफेंडर, व्हायकिंग व गेटरच्या प्रचलित मोठ्या नमुन्यांत, रबरी पट्टा व दोन कप्प्या असतात. इंजिनाचा वेग वाढतो तसतशी पुढील कप्पी मिटत जाते व पट्टा तिच्या कडेकडे सरकतो. मागील कप्पी त्याच मानानें उघडते. अशा रीतीनें गिअर न बदलतां गाडीची गति आपोआप बदलते. ही योजना सोपी, हलकी व स्वस्त आहे आणि नवशिक्यासही गाडी हांकणें सुलभ जातें. पण पट्टा हा अखेर रबराचा. भरलेला हौदा घेऊन उंच गतीच्या गिअरांत चढ चढूं लागलें कीं पट्टा कप्पीवर घसरतो, तापतो, त्याची कड काचेसारखी गुळगुळीत होते व एके दिवशीं त्याच्या चिंध्या होतात. पट्ट्याच्या पेटींत पाणी शिरलें तरी तो घसरतो. यावर उपाय दोन : ओझें ओढतांना नेहमीं खालच्या गिअरांत चालवावें, आणि पेटींत हवा घेणाऱ्या नळीचें तोंड चिखल व पाणी यांपासून जपावें. यामाहानें आपल्या पट्ट्यास एक स्वतंत्र क्लच जोडून पट्टा सतत ताणलेला राहील अशी योजना केली आहे. त्यामुळें गाडी निघतांना पट्ट्यास बसणारा हिसका टळतो व त्याचें आयुष्य वाढतें.

दुसरी पद्धति कुबोटाची. येथें पट्टा नाहींच. इंजिन एक पंप फिरवितें, पंप दाबानें तेल ढकलतो, आणि त्या तेलाच्या दाबानें दुसरी मोटर फिरून चाकांस गति मिळते. लहान ट्रॅक्टरांत हीच रीत आहे. तिचा मोठा गुण असा कीं, उतारावर पाय काढतांच तेल स्वतःच गाडीस आवरून धरतें ; भरल्या हौद्यानें घाट उतरणाऱ्यास याचें मोल कळेल. दोष असा कीं, कांहीं शक्ति तेल तापविण्यांतच खर्ची पडते, गाडी संथ चालते, आणि तेल व त्याची गाळणी वेळेवर बदलली नाहीं तर पंपाची दुरुस्ती फार महाग पडते. पट्टा तुटला तर तो शेतावरच एका तासांत बदलतां येतो. पंप बिघडला तर गाडी कारखान्यांत न्यावी लागते.

तिसरी पद्धति होंडाची. २०१४ च्या पायोनियर ७०० या नमुन्यांत मोटारीसारखा तेलाचा संयोजक व तीन गतींचे स्वयंचलित गिअर दिले होते. २०१६ च्या पायोनियर १००० मध्यें सहा गतींचे गिअर व दोन क्लच अशी योजना आली. पट्टा झिजण्याचा प्रश्नच येथें उद्भवत नाहीं, आणि लोखंडी दांतेरी चक्रें तेलांत बुडून राहिल्यामुळें तीं धूळपाण्यास दाद देत नाहींत. मात्र यंत्रणा गुंतागुंतीची व विजेच्या आज्ञांवर चालणारी असल्यामुळें गांवच्या मिस्त्रीच्या हातीं ती देतां येत नाहीं.

चौथी पद्धति विजेची. पोलॅरिसनें २०२१ च्या अखेरीस रेंजरचा विजेवर चालणारा नमुना जाहीर केला. त्यांत पट्टा नाहीं, इंजिनतेल नाहीं, हवागाळणी नाहीं. झिजणारे भाग थोडेच. परंतु सगळा भरंवसा एका महाग बॅटरीवर येऊन ठेपतो, आणि जेथें वीज रात्रीं येते व दिवसा जाते तेथें त्या गाडीचा दिवसही विजेच्याच मर्जीवर राहतो.

इंजिन, वेग व आयुष्य

कुबोटाच्या आर.टी.व्ही. ९०० मध्यें सुमारें ९०० घनसेंटिमीटरांचें तीन नळकांड्यांचें, २१ ते २२ अश्वशक्तीचें डिझेल इंजिन होतें, आणि गाडीची परम गति तासीं ४० किलोमीटरांच्या आसपास. नंतरच्या एक्स ११०० या नमुन्यांतही शक्ति २५ अश्वशक्तीच्या किंचित् खालींच ठेवलेली आहे. याचें एक कारण समजून घेण्याजोगें आहे. अमेरिकेच्या धूरविषयक नियमांत १९ किलोवॉट, म्हणजे सुमारें २५ अश्वशक्ति, ही एक सीमा आहे. तिच्या खालच्या डिझेल इंजिनांस काजळी अडविणारी महाग गाळणी बसविल्यावांचून नियम पाळतां येतात. ती गाळणी नसली म्हणजे तिच्या बिघाडाचीही धास्ती नसते.

याउलट रेंजर एक्सपी १००० च्या पेट्रोल इंजिनाची शक्ति ८२ अश्वशक्ति व वेग तासीं ९० किलोमीटरांच्या वर. कागदावर ही गाडी तिपटीहून अधिक बलवान दिसते. परंतु मोठ्या आकाराच्या या गाड्यांच्या हौद्यांची मर्यादा बहुधा ४५० ते ५०० किलोंच्या घरांतच असते. म्हणजे हौद्यांतील ओझ्याच्या दृष्टीनें दोघी जवळपास सारख्याच. अधिक शक्ति जाते ती वेगांत. आणि वेग हा झिजेचा बाप आहे. खडबडीत वाटेवर दुप्पट वेगानें जाणाऱ्या गाडीचे सांधे, बुशिंग, चाकांचीं बेअरिंगें व आंसांवरील रबरी टोप्या यांस बसणारे धक्के दुपटीहून पुष्कळ अधिक असतात. कावासाकीचा म्यूल ४०१० हा ६१७ घनसेंटिमीटरांच्या इंजिनाचा संथ नमुना फारसा फेरफार न होतां वर्षानुवर्षें विकला गेला, यांतलें इंगित हेंच. घोडा शर्यतीसाठीं घ्यावा आणि बैल मोटेसाठीं. दोघांची अदलाबदल केली तर दोष जनावराचा नव्हे, घेणाऱ्याचा.

इंजिन कोणतेंही असो, त्याचें मरण बहुतेक धुळीनें किंवा तापण्यानें ओढवतें. हवागाळणीच्या पेटीचें झांकण सैल राहिलें कीं बारीक माती नळकांड्यांत शिरून सहाणेप्रमाणें काम करते. रेडिएटरच्या जाळींत गवताचें बीं व चिखल बसला कीं पाणी उकळतें. हीं दोन्हीं कामें रोज दहा मिनिटांचीं आहेत, आणि ज्या गाडीची गाळणी व जाळी हातास सहज लागेल अशा जागीं बसविली आहे, ती गाडी अधिक टिकते. कारण अवघड जागचें काम मनुष्य टाळतो, हा जगाचा अनुभव आहे. विकत घेण्यापूर्वीं खरेदीदारानें विक्रेत्यास गाळणी काढून दाखविण्यास सांगावें. त्यास किती वेळ लागतो व किती खिळे सोडवावे लागतात, हें पाहिल्यानें जाहिरातीच्या दहा पानांहून अधिक ज्ञान मिळेल.

परत बोलावलेल्या गाड्यांचा इतिहास

अमेरिकेंत यंत्राचा दोष माणसाच्या जिवावर बेतणारा आढळल्यास कारखान्यास तो सरकारी आयोगास कळवावा लागतो व गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त कराव्या लागतात. त्याची नोंद सर्वांस पाहावयास मिळते. भरंवशाचा विचार करणाऱ्यास हें साधन अमोल आहे.

मार्च २००९ मध्यें यामाहाच्या ऱ्हायनो ४५०, ६६० व ७०० या नमुन्यांची विक्री थांबवून फुकट दुरुस्ती जाहीर झाली. पहिल्या दोन नमुन्यांच्या अपघातांत ४६ माणसें मृत्यु पावल्याचें आयोगानें त्या वेळीं नमूद केलें होतें. उपाय असा केला कीं, मागील चाकें अधिक फांकलीं जावीं म्हणून मध्यें ठोकळे बसविले व मागील बाजूचा एक दांडा काढून टाकला. एप्रिल २०१६ मध्यें पोलॅरिसनें आपल्या आर.झेड.आर. जातीच्या, म्हणजे मुख्यतः हौसेखातर पळविण्याच्या, सुमारें १ लाख ३३ हजार गाड्या आग लागण्याच्या भयानें परत बोलावल्या. पुढें रेंजरच्या कांहीं नमुन्यांसही तेंच करावें लागलें. हे दोष वेळेवर न कळविल्याच्या आरोपावरून एप्रिल २०१८ मध्यें त्या कंपनीनें २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरांचा दंड भरण्याचें मान्य केलें.

या नोंदी वाचतांना न्याय सोडूं नये. जो कारखाना अधिक गाड्या विकतो त्याच्या परत बोलावलेल्या गाड्यांची संख्याही सहसा अधिकच दिसणार. शिवाय अशी वेळ या धंद्यांतील इतर कारखान्यांवरही आलेली आहे. म्हणून नुसती संख्या मोजूं नये, तर दोष कोणत्या जातीचा होता तें पाहावें. आसनाचा पट्टा नीट अडकत नाहीं हा एक दोष. इंधनाची नळी तापलेल्या धुराड्याशेजारून जाते हा दुसरा. पहिला भाग बदलला कीं मिटतो. दुसरा गाडीच्या मांडणींतच असतो. आणि जुनी गाडी घेणाऱ्यानें तर तिच्या चौकटीवरील क्रमांकावरून ती दुरुस्ती झाली आहे किंवा नाहीं याचा लेखी पुरावा मागितल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

उलटण्याचा धोका

गाडी चालू राहिली पण धनी उरला नाहीं, तर तो भरंवसा कसला ? ऑस्ट्रेलियांत शेतावरील मृत्यूंचें एक मुख्य कारण मांड ठोकून बसावयाची चौचाकी हें आहे. ती उलटून मनुष्य खालीं चिरडला जातो किंवा गुदमरतो. तेथील सरकारनें २०१९ मध्यें सक्तीचे नियम केले. पहिला भाग ऑक्टोबर २०२० पासून व दुसरा ऑक्टोबर २०२१ पासून अंमलांत आला. दुसऱ्या भागान्वयें गाडीस स्थिरतेची किमान मर्यादा पाळावी लागते, आणि गाडी उलटल्यास खालच्या माणसास जागा राहावी म्हणून मागील बाजूस संरक्षक कमान असावी लागते. होंडा, यामाहा व पोलॅरिस यांनीं नियम पाळण्याऐवजीं तेथील चौचाक्यांची विक्रीच सोडून देण्याचें जाहीर केलें. पिंजऱ्याच्या शेजारीं-बसावयाच्या गाड्यांना तो नियम लागू नव्हता, म्हणून पुष्कळ शेतकरी त्यांच्याकडे वळले.

परंतु पिंजरा तेव्हांच जीव वांचवितो, जेव्हां मनुष्य आंत राहतो. आसनाचा पट्टा न बांधलेला चालक उलटतांना अर्धा बाहेर फेंकला जातो व तोच पिंजरा त्याच्या अंगावर पडतो. हें ओळखून कित्येक नमुन्यांत चालकानें पट्टा बांधल्यावांचून गाडीस वेगच घेतां येऊं नये अशी योजना केलेली आहे. ती काढून टाकणारा मनुष्य मिस्त्रीस पैसे देऊन स्वतःवरचें पांघरूण काढून घेतो. हौद्यांत मजूर किंवा मुलें बसविणें तर सर्वस्वीं वर्ज्य समजावें ; फवाऱ्याची अर्धी भरलेली टांकी हेंही तितकेंच वाईट ओझें, कारण वळणावर पाणी एका बाजूस धांवून गाडीस ढकलतें.

हिशेबाची रीत

खरेदीची किंमत हा हिशेबाचा एक आंकडा आहे, संपूर्ण हिशेब नव्हे. उदाहरणार्थ, केवळ रीत समजावी म्हणून, असें धरूं कीं एक गाडी ८ लाखांस मिळते, पांच वर्षांत तिच्या दुरुस्तीस २ लाख लागतात व शेवटीं ती ३ लाखांस विकली जाते. म्हणजे निव्वळ खर्च ७ लाख. दुसरी १० लाखांची, दुरुस्ती ७५ हजार, विक्री ५ लाख. निव्वळ खर्च ५ लाख ७५ हजार. दोघींनीं २,००० तास काम केलें तर पहिलीचा तासीं खर्च ३५० रुपये व दुसरीचा २८७ रुपये ५० पैसे. जी महाग वाटली तीच स्वस्त पडली. त्यांत बंद पडलेल्या दिवसांची मजुरी व वांया गेलेला माल मिळविला म्हणजे अंतर आणखी वाढतें. म्हणून प्रत्येक गाडीवर तासांचें घड्याळ असावें आणि गोठ्याच्या भिंतीस एक वही टांगलेली असावी : तारीख, तास, काय तुटलें, किती खर्च, किती दिवस बंद. एका तालुक्यांतील दहा शेतकऱ्यांनीं तीन वर्षें अशा वह्या ठेवल्या व एकत्र बसून ताडून पाहिल्या, तर त्यांस कोणत्याही कारखान्याच्या प्रतिनिधीपुढें मान खालीं घालावी लागणार नाहीं.

तुलनेचा निष्कर्ष

वरील कसोट्यांवर पाहतां आमचें मत पुढीलप्रमाणें बनतें. ज्यास रोज जड ओझें चढउतारावर न्यावयाचें आहे व वेगाची गरज नाहीं, त्यानें तेलदाबाच्या चालीची डिझेल गाडी पसंत करावी. या वर्गांत कुबोटाची रचना सर्वांत शेतकीस धरून आहे. ज्याच्या वाटा पाण्याच्या व चिखलाच्या आहेत आणि जवळ जाणता दुरुस्तीखाना आहे, त्यास होंडाची गिअरांची गाडी लाभेल. ज्यास काम हलकें पण दिवसभर आहे व दुरुस्ती स्वतःच करावयाची आहे, त्यानें म्यूलसारखा जुना, संथ, कमी बदललेला पट्ट्याचा नमुना घेऊन एक जादा पट्टा आसनाखालीं बाळगावा. पट्ट्यासच अधिक जपणारी रचना हवी असेल तर व्हायकिंग पाहावी. रेंजर व डिफेंडर या गाड्या आरामदायक, वेगवान् व विविध सोयींच्या आहेत. लांब कुंपणें फिरणाऱ्या पशुपालकास त्या सोईच्या, पण त्यांचा वेग वापरला तर झीजही स्वीकारली पाहिजे. गेटरचें बळ तिच्या यंत्रापेक्षां तिच्या कंपनीच्या ट्रॅक्टर-विक्रेत्यांच्या जाळ्यांत आहे, आणि तें बळ कमी लेखण्याजोगें नाहीं. कोणत्याही कारखान्याच्या अगदीं नव्या नमुन्याचें पहिलें वर्ष मात्र दुसऱ्यांस वापरूं द्यावें.

आपल्या शेतकऱ्यानें काय करावें ?

आतां प्रश्न उरतो तो आपला. आपल्याकडे या गाड्यांचा प्रसार अद्याप थोडा आहे. पोलॅरिसनें २०२० मध्यें मांड ठोकून बसावयाची आपली स्पोर्ट्समन ५७० ही गाडी ट्रॅक्टर या सदराखालीं भारतांत आणली. यावरूनच दिसतें कीं येथें पहिली अडचण यंत्राची नसून नोंदणीची आहे. ज्याचें शेत सरकारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस आहे, त्यानें गाडी रस्त्यावर आणतां येईल किंवा नाहीं हें खरेदीपूर्वींच परिवहन कार्यालयांतून लेखी विचारून घ्यावें. विक्रेत्याच्या तोंडी हवाल्यावर विसंबूं नये.

दुसरी अडचण सुट्या भागांची. याबाबतींत एक उलट दिशेचें उदाहरण बोधप्रद आहे. महिंद्र कंपनीनें २०१८ मध्यें अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत जुळणी करून ‘रॉक्सर’ नांवाची गाडी तेथील शेतकऱ्यांपुढें ठेवली : जुन्या जीपच्या वळणाची लोखंडी चौकट, डिझेल इंजिन, हातानें बदलावयाचे गिअर. तिच्या साधेपणाबद्दल तक्रार नव्हती ; पण तिचें रूप जीपसारखें आहे या कारणावरून जीपच्या मालक कंपनीनें व्यापार आयोगापुढें दावा लावला, २०२० मध्यें आयोगानें त्या रूपाच्या आयातीस मनाई केली, व नवें रूप द्यावें लागलें. यावरून शिकावयाचें तें हें कीं, परदेशी गाडीचें भवितव्य केवळ तिच्या पोलादावर ठरत नाहीं. कायदा, कर व व्यापारी भांडणें हींही तिच्या चाकांस खीळ घालूं शकतात, आणि तसें झालें तर सुट्या भागांसाठीं ताटकळावें लागतें तें गाडीच्या धन्यास.

म्हणून ज्याच्याजवळ पन्नास-पाऊणशें एकरांची बाग चढउतारावर पसरलेली आहे व ज्यास दोनचार शेजाऱ्यांबरोबर एकाच जातीच्या गाड्या घेऊन सुटे भाग सामाईक ठेवतां येतील, त्यानें या गाडीचा विचार अवश्य करावा. ज्याची जमीन थोडी व सपाट आहे, त्यास लहान ट्रॅक्टर व ट्रॉली किंवा पॉवर टिलर हेंच अधिक पुरवठ्याचें. त्यांचा मिस्त्री गांवांत आहे व भाग तालुक्यास मिळतात. वर सांगितलेल्या कसोट्या मात्र त्या यंत्रांनाही तशाच लागू आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभीं किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते, अशा समजुतीनें लोक त्यास हात लावीनात. नव्या यंत्राविषयीं तसा आंधळा संशय आतां राहिला नाहीं. परंतु त्याच्या जागीं आंधळा मोह येऊन बसला, तर नुकसान तितकेंच. गाडी पाहावयास जाल तेव्हां वही बरोबर न्या, गाळणी काढून दाखवा म्हणावें, सुटा भाग किती दिवसांत मिळेल तें कागदावर लिहून मागावें, आणि त्या विक्रेत्याकडून पांच वर्षांपूर्वीं गाडी घेतलेल्या एका तरी शेतकऱ्याच्या गोठ्यांत जाऊन यावें. गोठ्यांतील गाडी जें सांगेल, तें दुकानांतील गाडी कधींच सांगणार नाहीं.